सीमादर्शनाची हौस

अटारीच्या संचलनाला टाळ्या पिटणाऱ्या सुखवस्तू पर्यटकांना सरहद्द ही करमणूक वाटते. धाराशिवकरांनी तरी या हौसेला भुलू नये. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने निजामाचे नळदुर्ग आणि स्वतंत्र भारताचे सोलापूर यांच्यामधील रेषा परराष्ट्राची सीमा होऊन बसली होती. करोडगिरीची जकात व्यापारी भरी, पण वसूल गिऱ्हाइकाकडून करी; रझाकारांच्या जुलमाने परागंदा झालेली कुटुंबे जीव मुठीत धरून तीच रेषा ओलांडीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा नळदुर्गात शिरल्या. १९५६ नंतर तेथे केवळ जिल्ह्याची हद्द उरली. सीमा सत्ताधारी आखतात, मोल कष्टकरी मोजतात. कार्यकर्त्यांनी सहल काढावीच, पण नळदुर्गाला. आणि टाळ्यांऐवजी तेथे हा हिशेब मांडावा.