पंचवीस माणसांत कोण बसतं?

‘करोनाने एक मात्र चांगलं केलं, लग्नं साधी केली.’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या बैठकांत ऐकलं आहे, आणि तेही आपल्याच मैत्रिणींच्या तोंडून, की आता त्याला जाहीर उत्तर द्यायला हवं. लग्नांचे फोटो काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. साथीच्या काळातली ही ‘साधी’ लग्नं मी जवळून पाहिली आहेत. त्यांतल्या एका लग्नाबद्दल सांगते.

एप्रिल 2021 चा शेवट. दुसरी लाट भरात होती. महाराष्ट्र सरकारचा 21 एप्रिलचा आदेश असा होता की लग्न एकाच हॉलमध्ये, 2 तासांत आणि जास्तीत जास्त 25 माणसांत उरकायचं. नियम मोडला तर 50,000 रुपये दंड. लग्न होतं मुंबईतल्या ब्रिटिश अमदानीतल्या एका जुन्या हॉटेलात. संगमरवरी जिना, भिंतीवर साहेबांच्या तसबिरी, छताला टांगलेली झुंबरं. एरवी या कुटुंबाला अशा ठिकाणी पाऊल ठेवणं परवडलं नसतं. पण पाहुण्यांअभावी दालनं ओस पडली होती, भाडं उतरलं होतं. सहाशे पानांचं कार्यालय रद्द झालं आणि हे हॉटेल ठरलं. सुचवलं वरपक्षाने. खर्च अर्थातच वधूपक्षाचा.

आता ती 25 माणसांची यादी पाहा. वर धरून त्याच्याकडचे 14, वधू धरून तिच्याकडचे 8, भटजी, मी आणि माझा मदतनीस. वधूकडच्या आठांत वडील, भाऊ, आजोबा, दोन काका, मामा. म्हणजे बायका दोनच, स्वतः वधू आणि तिची आई. आई नोकरीवर जायची तेव्हा जिने या मुलीला सहा वर्षं सांभाळलं, ती विधवा मावशी यादीत नव्हती. ‘तिला तरी कुठे विधीला बसायचंय,’ असं मामा म्हणाले होते. हे मला वधूच्या आईनेच दारात, हातावर सॅनिटायझर घेता घेता सांगितलं. माझ्या मदतनीसाशिवायही फोटो निघाले असते. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही.

मावशी घरी मोबाईलवर लग्न पाहत होती. कन्यादानाच्या वेळी चित्र अडकलं ते अडकलंच. इकडे सगळ्यांनी फोटोपुरते मास्क काढले. जिन्यावर जोडप्याचा फोटो घ्यायचा होता, तर कठडा पुसणारी सफाईची बाई मध्ये येत होती. ‘ताई, जरा बाजूला व्हा,’ असं मीच तिला म्हटलं. दिवसभर ती आमच्यामागे फिरून आम्ही हात लावलेली प्रत्येक वस्तू पुसत होती. एकाही फोटोत ती नाही.

लेन्स बदलायला मी खांबाआड गेले, तेव्हा वरपिते वधूपित्याला हळूच म्हणत होते, ‘जेवणावळीचे वाचलेच आहेत, तर गाडीचं तेवढं बघा.’ वधूपित्याने मान हलवली. तोही फोटो माझ्याकडे नाही.

मैत्रिणींनो, हे साधं लग्न कुठल्या अर्थाने? माणसं कमी झाली, हे खरं. पण कमी कोण झालं? सहाशेच्या गर्दीत ज्यांना निदान मागच्या रांगेत जागा होती, त्या बायका आधी कमी झाल्या. वाचलेला पैसा मुलीच्या नावावर बँकेत गेला नाही, तो गाडी होऊन वराच्या दारात उभा राहिला. सरकारी आदेशाने माणसं मोजली. त्या मोजणीत कोणाला मान आहे, हे मात्र घरातल्या पुरुषांनीच ठरवलं, नेहमीसारखं.

साध्या लग्नाची कल्पना करोनाने आणलेली नाही. ती आपली आहे. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, भटजीशिवाय आणि थाटाशिवाय. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते आणि स्त्रियांचे हक्क मागते. तिथे खर्च कमी करणं हे साधन होतं, हेतू होता बरोबरी. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला तर तीन साक्षीदार पुरतात. पण त्या कायद्याने, जातीबाहेर, तीन साक्षीदारांसमोर लग्न करणाऱ्या मुलीला समाज काय म्हणतो? ‘पळून गेली.’ साथीच्या काळात पंचवीस माणसांत लग्न केलेल्या मुलीच्या बापाला तोच समाज ‘सुज्ञ’ म्हणाला. म्हणजे आक्षेप लग्नाच्या आकाराला कधीच नव्हता. मुलगी स्वतः ठरवते, याला होता.

आणि माणसं कमी असणं नेहमी सुरक्षितच असतं असंही नाही. शाळा बंद होत्या तेव्हा मराठवाड्यातले किती बालविवाह कार्यकर्त्यांनी मांडवात जाऊन थांबवले, याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जे घरातल्या घरात, चार माणसांत उरकले गेले, ते कोणी थांबवायचे? चार माणसांत बोलावलेले साक्षीदार घरचेच असतात.

‘पण फोटो आहेत ना पुरावा म्हणून,’ असं काहीजणी म्हणतील. माझा धंदाच तो, म्हणून सांगते. मी दागिन्यांची ताटं टिपते, साड्या टिपते, चांदीची भांडी टिपते. फोटोत वस्तू दिसते. ती कोणी दिली, कोणाला दिली, किती किमतीची, हे दिसत नाही. त्यासाठी 1985 चे नियम आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि वर-वधू दोघांच्या सह्या. हुंडा दुसऱ्या कोणी घेतला असेल तर तो ठरावीक मुदतीत त्या स्त्रीच्या स्वाधीन करावा लागतो, हे 1961 च्या कायद्याचं सहावं कलम सांगतं. इतकी वर्षं लग्नं टिपते आहे, अशी यादी होताना मी एकदाही पाहिलेली नाही. सहाशे माणसांत वेळ नसतो, हे एक वेळ समजू शकते. पंचवीस माणसांतही वेळ नव्हता?

पुढे अल्बम तयार झाल्यावर मी तो मावशीला दाखवायला तिच्या घरी गेले. तिने सावकाश पानं उलटली. वधूच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘हा कोल्हापुरी साज माझा. मी दिलाय तिला. हे कुठे लिहिलंय का गं?’ माझ्याकडे चारशे फोटो होते आणि या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

एप्रिल 2022 मध्ये, गुढीपाडव्याच्या सुमारास, राज्यातले निर्बंध उठले. सहाशे पानं परत आली, आणि जुन्या हॉटेलातली ‘निवडक पाहुण्यांची’ लग्नंही राहिली, आता ऐपतीची खूण म्हणून. खर्च दोन्हीकडे मुलीच्या बापाचाच. म्हणून ‘करोनाने लग्नं साधी केली’ हे वाक्य आपण तरी बोलायचं थांबवू या. आपल्या गटाच्या बैठकांत त्याऐवजी तीन प्रश्न विचारू या. पाहुण्यांची यादी कोणी केली, आणि त्यात वधूचं किती चाललं? भेटींची यादी झाली का, तिची एक प्रत वधूजवळ आहे का? लग्नाची नोंदणी झाली का, आणि दाखला कोणाच्या कपाटात आहे?

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. आगाऊ रक्कम घेतानाच आता मी भेटींच्या यादीचा कोरा कागद वधूच्या हातात देते आणि शेवटचा फोटो सह्या होतानाचा असेल, असं सांगते. दोन कामं त्यापायी हातची गेली. एका लग्नात सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून वधूची विधवा आत्या बसली, पुढच्या रांगेत.