सब्र फक्त आईनंच करायचा का?

भाच्याला रक्ताचा कॅन्सर झाला. बिल बरंचसं महात्मा फुले योजनेतून भागलं, उरलेलं जकातीतून. पण परळच्या खोलीचं भाडं आणि आपाची बुडालेली शिवणकामाची कमाई कुठल्याच योजनेत बसेना. हे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात! नातेवाईक येत, ‘सब्र कर’ म्हणत, चहा पिऊन जात. चहाही आपाच करायची. मीही जीपे करून मोकळा.

आईनंच जागायचं हे कुणी ठरवलं? मस्जिद कमिटीकडे जकातीतून खोलीभाडं मागा. आणि मित्रांनो, शनिवारची रात्र पेशंटजवळ तुम्ही बसा. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, एवढं शिकायला तासभर पुरतो. मी शिकलो, पण आठव्या महिन्यात.