तेवीस पॅटर्न चौघांनी शोधले नाहीत

१/
संगणकशास्त्राच्या वर्गांत आणि नोकरीच्या मुलाखतींत एक इतिहास बिनदिक्कत सांगितला जातो. १९९४ साली चार विद्वानांनी २३ ‘डिझाइन पॅटर्न’ शोधून काढले, एका पुस्तकात मांडले आणि तेव्हापासून जग ते वापरत आले. यातले साल बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे. ‘शोधून काढले’ हे मात्र खोटे आहे, आणि हे खोटे निरुपद्रवी नाही.

२/
पॅटर्न म्हणजे काय, हे आधी. प्रोग्राम रचताना त्याच त्या अडचणी पुनःपुन्हा समोर येतात. अनेक ठिकाणी, अनेक हातांनी वापरून टिकलेला एखादा तोडगा, तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो आणि त्याची किंमत काय मोजावी लागते याच्या नोंदीसह लिहून काढला व त्याला नाव दिले, की तो पॅटर्न होतो.
(मराठी कानाला ‘पॅटर्न’ म्हटले की लातूर आठवते; हमखास यशाचे ठरीव सूत्र. दुर्दैवाने या पॅटर्नांचेही पुढे तेच झाले.)

३/
हा शब्द इमारतींकडून आला. व्हिएन्नात जन्मलेले आणि बर्कलीत शिकवणारे वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या १९६४ च्या ‘नोट्स ऑन द सिन्थेसिस ऑफ फॉर्म’ या ग्रंथात शेवटी सविस्तर सोडवून दाखवलेले उदाहरण आहे ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे. त्या खेड्याच्या १४१ गरजा मांडून कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे, याचा त्यांनी तेथे हिशेब केला.

४/
१९७७ मध्ये सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टीन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘अ पॅटर्न लँग्वेज’ प्रसिद्ध केले. त्यात २५३ पॅटर्न आहेत. बहुतेक वाचक ज्यावरून नजर फिरवून पुढे जातात अशी एक गोष्ट त्यात आहे, ती म्हणजे नावांपुढचे तारे. ज्याविषयी लेखकांना खात्री होती त्याला दोन तारे. ज्यात काही प्रगती झाली, पण सुधारणेला वाव उरला, त्याला एक. ज्याचे मर्म अजून हाती लागले नाही असे वाटले, त्याला एकही नाही. आपला संशय ग्रंथातच छापून वाचकाला दुरुस्तीचे आवतण देणारे लेखक विरळा.

५/
१९८७ मध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या वर्तुळातून वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली. स्मॉलटॉक भाषेत पडद्यावरच्या खिडक्या कशा रचाव्यात यासाठी त्यांनी अवघे पाच पॅटर्न लिहिले. मग ते प्रोग्रामरांच्या हाती न देता, ती खिडकी पुढे वापरणार होते त्यांच्याच हाती दिले, आणि रचना त्या लोकांनीच केली. चौघांच्या ग्रंथाला तेव्हा सात वर्षे अवकाश होता.

६/
आता ते चौघे. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन, जॉन व्लिसिडीस. गामांचा या विषयाचा पाया झुरिक विद्यापीठातील १९९१ च्या प्रबंधात आहे. पुस्तकातील एकही रचना नवी किंवा न पारखलेली नाही, हे चौघांनी पहिल्याच प्रकरणात स्पष्ट नोंदवले आहे. संग्राहकांनी आपण संग्राहक आहोत असे सांगितले. शोधकाचा मुकुट त्यांच्या डोक्यावर वाचकांनी बसवला.
‘गँग ऑफ फोर’ हे टोपणनाव १९७६ मध्ये अटक झालेल्या चिनी चौकडीवरून थट्टेने पडले. पण थट्टेतले नावही इतिहास आकसून टाकते. शेकडोंचे काम चौघांच्या नावावर जमा झाले.

७/
त्या शेकडोंचे काम कसे चाले, हे पाहिल्याशिवाय या वादाला अर्थ नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये केंट बेक आणि ग्रेडी बूच यांनी कोलोराडोच्या डोंगरात काही जणांना एकत्र बोलावले. त्यातून ‘हिलसाइड ग्रुप’ उभा राहिला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, इलिनॉय राज्यातील मॉन्टिसेलोजवळच्या ॲलर्टन पार्कमध्ये ‘प्लॉप’ ही पहिली परिषद भरली. नाव विनोदी, शिस्त कडक.

८/
पॅटर्न लिहून पाठवला की आधी त्याला एक ‘शेफर्ड’ मिळे, शब्दशः मेंढपाळ. हा अनुभवी लेखक परिषदेपूर्वी मसुद्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या करवून घेई. ही अडचण खरोखर येते का? हा तोडगा आणखी कुठे वापरलेला आढळतो? किमान तीन स्वतंत्र ठिकाणचे वापर दाखवता यावेत, असा संकेत पुढे रूढ झाला. ‘मला सुचले’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नसे.

९/
मग प्रत्यक्ष बैठक. तिची पद्धत रिचर्ड गेब्रियल यांनी सुचवली. ते लिस्प भाषेचे जाणकार आणि कवी; पद्धत कवींच्या कार्यशाळांतून उचललेली. सगळे गोलाकार बसतात. लेखक आपल्या मजकुरातला एक उतारा मोठ्याने वाचतो आणि त्यानंतर गप्प बसतो. कोणीतरी मजकुराचा आशय आपल्या शब्दांत सांगतो. आधी काय साधले आहे यावर बोलणे होते, नंतर काय सुधारता येईल यावर. लेखकाने मध्ये बोलायचे नाही, स्पष्टीकरण द्यायचे नाही, बचाव करायचा नाही. अखेरीस त्याला फक्त शंका विचारता येतात.
पंडितसभेत वादी स्वपक्षाचे मंडन करतो. इथे मंडनाला मज्जावच होता. याचे कारण साधे होते: पॅटर्न उद्या परक्या शहरातला अनोळखी प्रोग्रामर वाचणार, तेव्हा लेखक शेजारी उभा नसणार. कागदावर जे उमटले नाही ते नाहीच.

१०/
दोन बैठकांमधल्या काळातही दुरुस्ती चालू राहावी म्हणून कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ सुरू केले. हवाईयन भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. पॅटर्न कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा, एवढ्यासाठीच ते यंत्र घडवले गेले. २००१ मध्ये विकिपीडिया त्याच तंत्रावर उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही. पॅटर्नवाल्यांची सर्वांत दूरवर पोहोचलेली देणगी २३ नावांच्या तक्त्यात नाही, ती ही आहे.

११/
आणि पुस्तक? ते गोठले. त्याची दुसरी आवृत्ती कधीच निघाली नाही. भाषा मात्र पुढे गेल्या. २३ पैकी १६ पॅटर्न लिस्पसारख्या गतिशील भाषांत अधिक सोपे होतात किंवा दिसेनासे होतात, असे पीटर नॉर्विग यांनी नव्वदच्या दशकातच दाखवले. ‘इटरेटर’ आज अनेक भाषांच्या अंगभूत सोयींत मोडतो. याचे आश्चर्य चौघांना वाटले नसते. पॅटर्न कोणते, हे भाषेवर अवलंबून असते, हे त्यांनी स्वतःच लिहिले होते.
‘सिंगलटन’, म्हणजे एका क्लासचा एकच ऑब्जेक्ट राहील अशी तजवीज, आपण यादीतून वगळू. त्याचा वापर बहुधा बिघडलेल्या रचनेची खूण असतो, असे गामांनी २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. अलेक्झांडर यांच्या ग्रंथात अशा पॅटर्नचा तारा काढून घेता आला असता. इथे तारेच नव्हते.

१२/
‘पुस्तक नसते तर हे ज्ञान चार खोल्यांतच राहिले असते’ हा आक्षेप खरा आहे. पुस्तकाने जगभरच्या प्रोग्रामरांना समान शब्दसंग्रह दिला, तो उपकार मोठा आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: त्या बैठका सौम्य होत्या, परस्परकौतुकाच्या होत्या. तोही निराधार नाही. १९९६ मध्ये सॅन होजे येथे खुद्द अलेक्झांडर यांनी या मंडळींसमोर भाषण करताना सरळ शंका उपस्थित केली होती की तुमच्या पॅटर्नांमुळे प्रोग्राम खरोखर चांगले झाले का? त्यांत माणसाच्या भल्याचा विचार कुठे आहे?
पण हे लक्षात घ्यावे की हा प्रश्न विचारायला त्या समुदायानेच त्यांना व्यासपीठ दिले. १९९९ मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत चौघांवर संगणकशास्त्राविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी लटका खटला भरला गेला, तोही त्यांच्या संमतीने. दोन तृतीयांश ‘ज्यूरीं’नी त्यांना दोषी ठरवले. आपल्या आचार्यांना हसत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या समुदायाला भक्तसंप्रदाय म्हणता येत नाही.

१३/
संप्रदाय नंतरच्यांनी घडवला. त्यांनी नावे उचलली. अडचण, परिस्थिती आणि किंमत यांच्या नोंदी मागे टाकल्या. दोन ओळींत पाठ होते ते राहिले, गोलाकार बसून दुरुस्त करावे लागते ते गळाले. विद्यार्थी २३ नावे तीन गटांत विभागून घडाघडा म्हणतो. त्यांपैकी एखादा पॅटर्न कधी वापरू नये, हे त्याला कोणी विचारत नाही. आपल्या कामात वारंवार येणारी अडचण लिहून काढ, सहकाऱ्यांपुढे ठेव आणि गप्प बसून ऐक, असे तर त्याला कोणीच सांगत नाही. ज्या पद्धतीतून ते पुस्तक टिकाऊ झाले, नेमकी तीच अभ्यासक्रमाबाहेर राहिली.

१४/
जॉन व्लिसिडीस २००५ मध्ये गेले, अलेक्झांडर मार्च २०२२ मध्ये. ‘प्लॉप’ परिषदांत लेखकाला गप्प बसवण्याचा रिवाज पुढेही चालू राहिला. आणि पुण्यापासून बंगळुरूपर्यंत मुलाखतीच्या खोल्यांतून उमेदवाराला आजही सांगितले जाते: सिंगलटन लिहून दाखवा.