खान्देशात समुद्र नाही, तरी पाण्याखालचा रोबो बनू शकतो. फक्त पाणी हतनूरचे हवे

जळगाव किंवा धुळ्याहून समुद्र बघायचा तर सुरत नाहीतर मुंबई गाठावी लागते. त्यामुळे पाण्याखाली स्वतःहून फिरणारा रोबो हा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा विषयच नाही, असे धरले जाते. हा समज चुकीचा आहे. असे रोबो आधी संगणकातच पोहायला शिकतात.

संगणकात कशासाठी?

पाण्याखाली जीपीएस मिळत नाही आणि वाय-फाय थोड्याच अंतरात विरते. भरकटलेले ड्रोन रिमोटने माघारी आणता येते. इथे पुढे काय करायचे ते रोबोलाच ठरवावे लागते. प्रोग्राममधली एक चूक झाली, की महागडे यंत्र थेट तळाच्या गाळात.

सिम्युलेशन म्हणजे नुसते ॲनिमेशन नव्हे. उत्प्लावक बल, पाण्याचा विरोध, रोबोसोबत ढकलल्या जाणाऱ्या पाण्याचे ओझे, हे सगळे गणित क्षणोक्षणी सुटत असते. सोनार आणि कॅमेराही आभासी असतात. मुख्य फायदा असा, की इथे चालवलेला प्रोग्राम पुढे थोड्या फेरफाराने खऱ्या रोबोवर चढवता येतो.

कोणते सॉफ्टवेअर?

'गॅझेबो' मोफत आहे. त्यावर चालणारा 'यूयूव्ही सिम्युलेटर' 2016 च्या सुमारास युरोपातील 'स्वार्म्स' प्रकल्पातून आला आणि गाजला. पण तो आता जुना झाला. त्याच्या ट्युटोरियलमागे आठवडे घालवू नयेत. 'डेव्ह', 'स्टोनफिश', 'होलोओशन' हे नंतरचे पर्याय. 'होलोओशन'ला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. गॅझेबोतला साधा देखावा मात्र विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही निभावतो.

आयआयटी मुंबईचे विद्यार्थी 'मत्स्य' नावाचा रोबो घेऊन अमेरिकेतील 'रोबोसब' स्पर्धेत उतरत आले आहेत. सरावासाठी पोहण्याचा तलाव हाताशी असूनही ते सिम्युलेटर वापरतात.

मग हतनूर का?

या सॉफ्टवेअरमधले तयार देखावे बहुतेक समुद्राचे, पाणी बऱ्यापैकी नितळ. भुसावळजवळचे हतनूर त्याच्या अगदी उलट. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि दोन्ही नद्यांचा गाळ धरणात येऊन साचतो. पावसाळ्यात 41 दरवाजांपाशी पोहोचणाऱ्या त्या मातकट पाण्यात कॅमेरा जवळपास आंधळा असतो, भिस्त सोनारवर. निळ्या पाण्यात तरबेज झालेला रोबो इथे पहिल्याच दिवशी फसेल. गढूळ पाण्याचा, गाळाच्या तळाचा आभासी हतनूर तयार करायला कॅलिफोर्नियातून कोणी येणार नाही. ते काम इथल्याच पोरांचे. तेच ते 'लाइन फॉलोअर' प्रोजेक्ट पुन्हा बांधण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे.

गाळाने धरणाची साठवण घटते आणि त्याची झळ शेतीपासून दीपनगरच्या वीज केंद्रापर्यंत सगळ्यांना बसते. तळ वरचेवर मोजणारे स्वस्त यंत्र हवे आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको.

'टँक नाही तर प्रोजेक्ट नाही' म्हणणाऱ्या प्राध्यापकांचा मुद्दा अर्धा खरा आहे. सिम्युलेटरमध्ये ओ-रिंग गळत नाही, थ्रस्टरमध्ये शेवाळ अडकत नाही. खऱ्या पाण्यात उतरावेच लागते. पण त्यासाठी केळीच्या पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. सुरुवातीच्या चाचण्यांना तेवढे पुरते. अडेल ते माहितीपाशी. आभासी हतनूरला खरा तळ हवा आणि तळाची मोजणी जलसंपदा विभागाकडून मिळायला हवी. कॉलेजांनी पहिले पत्र तिकडे पाठवावे, टँकच्या कोटेशनसाठी नव्हे.