दहा रुपये

आमच्या बेलवलीहून कर्जतच्या बाजूला निघाले, की वांगणी, शेलू आणि मग नेरळ. बहुतेकांना नेरळ आठवते ते माथेरानच्या छोट्या गाडीमुळे. मराठीच्या मास्तराला मात्र ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. कवी नारायण सुर्वे उतारवयात तिथे राहत. वर्गात मी हे मुद्दाम सांगतो. कवी आपल्याच लोकलच्या वाटेवरचा निघाला, की मागच्या बाकांवरही जराशी हालचाल होते.

यंदा 'माझे विद्यापीठ' शिकवून झाले आणि एका मुलीने विचारले, "सर, पण बापाने त्याला सोडलेच कसे?"

बाप निर्दय असता, तर उत्तर सोपे होते. पण गंगाराम सुर्वे हे मुंबईचे साधे गिरणी कामगार. रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल त्यांना सापडले आणि त्यांनी ते घरी आणले. काशीबाई, त्याही गिरणीतच राबणाऱ्या, त्याची आई झाल्या. त्याला नाव दिले, आडनाव दिले, चौथीपर्यंत शाळाही दिली. मग मंदीची वर्षे आली. गिरण्यांत पगार कापले गेले. 1934 साली त्यापायी मोठा संप झाला. पुढे गंगारामांची नोकरी संपली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यायला 1952 साल उजाडायचे होते. थकलेल्या गिरणीवाल्याने कोकणाची वाट धरायची, हा त्या काळचा रिवाजच. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. मुलगा दहा-बारा वर्षांचा.

हे सगळे सांगितले, तर ती म्हणते, "मग सोबत न्यायचे ना, सर. गावी निदान आई होती." आता यावर काय बोलणार?

नारायणने मग काय केले नाही? तो घरगडी झाला, हॉटेलात पोऱ्या झाला, कुणाचे कुत्रे सांभाळले, दूध पोचवले, हमाली केली, गिरणीत गेला. पुढे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. 1962 साली 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाले आणि 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले. ही चढती कमान आपण फार आवडीने सांगतो. मला तिची थोडी धास्तीच वाटते. त्याच फूटपाथवर निजलेली बाकीची पोरे कुठे गेली, हे कोणी विचारीत नाही.

आणि कायदा? 1938 साली एक झाला खरा, पण तो मुख्यतः रेल्वे आणि बंदरांपुरता. घरकाम आणि हॉटेल, म्हणजे नारायणनेच केलेली दोन कामे, चौदा वर्षांखालच्या मुलांना बंद झाली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून. कवी तेव्हा ऐंशीच्या घरात होते!

2020 साली लोकल थांबली आणि घरोघरची मिळकतही थांबली, तेव्हा बेलवलीत आठवी-नववीची मुले सायकलीला पिशव्या अडकवून भाजी विकताना दिसत. एकाकडून मेथी घेतली आणि म्हटले, "सुटे राहू दे तुला." त्याने आठ रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "काका, धंदा आहे," म्हणाला, आणि पुढच्या इमारतीकडे वळला.