तार तुटली तर लाल, उघडी पडली तर?

रेल्वे सिग्नलची सारी सुरक्षितता एका गृहीतकावर उभी आहे: काही बिघडले की वीज जाईल, रिले हा विजेवर उचलला जाणारा स्विच ड्रॉप होईल, म्हणजे खाली पडेल, आणि सिग्नल लाल होईल. तार तुटो, फ्यूज उडो, गाड्यांचा खोळंबा होतो, माणसे वाचतात. तारेवरचे इन्सुलेशन म्हातारे झाले की मात्र उलटे घडू शकते. शेजारच्या तारेतली वीज नको तिथे शिरते, ड्रॉप व्हायला हवा तो रिले उचललेलाच राहतो आणि पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल हिरवा दिसतो. म्हणून इन्सुलेशनलाही रिलेइतकेच महत्त्व देऊन त्याची मुदत ठरवावी आणि ती संपली की तारा बदलाव्यात, असे माझे मत आहे. जुन्या रबरी तारांचे रबर ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेने ठिसूळ होते. पीव्हीसीतला मऊपणा देणारा घटक उडून गेला की तेही कडक होते. रुळालगतच्या लोखंडी लोकेशन बॉक्समध्ये, उन्हात तापून, हे आणखी लवकर घडते.

मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी होतेच की, असे कोणी म्हणेल. होते, पण कोरडी हवा हीसुद्धा उत्तम इन्सुलेशन असते. भेगाळलेली तार हलवली नाही तर एप्रिलमध्ये चांगले रीडिंग देईल. खरे रूप जुलैच्या दमटपणात किंवा कोणाचा हात लागल्यावर कळेल. परिपथ धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंनी तोडणारी डबल कटिंगची पद्धत धोका बराच कमी करते, हे मान्य. पण एकाच जुन्या जुडग्यातल्या तारा एकाच वयाच्या असतात आणि दोन्ही बाजू एकदम उघड्या पडू शकतात.

याहून वजनदार आक्षेप अनुभवी सिग्नलवाल्यांचा आहे: चालते आहे त्याला हात लावू नका, धोका बदलतानाच होतो. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला नेमके तेच झाले. तिथली 1936 ची यंत्रणा जुनी झाल्याने नूतनीकरण चालू होते. काढलेली एक जुनी तार कापली गेली नाही, तिचे टोक उघडेच राहिले. 11 डिसेंबर 1988 च्या रविवारी शेजारी काम करताना ती हलली, टर्मिनलला टेकली आणि दुसऱ्या सकाळच्या टकरीत 35 माणसे गेली. इन्सुलेशन तिथे झडले नव्हते, हे खरे. पण उघड्या तांब्याने केले तेच झडलेल्या इन्सुलेशननेही केले असते. अँथनी हिडन यांच्या चौकशीत दिसले, की तारांची स्वतंत्र मोजणी, म्हणजे टर्मिनलवरच्या तारा आराखड्याशी ताडून पाहणे, झालीच नव्हती आणि संबंधित तंत्रज्ञाला 13 आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती. नूतनीकरणाची गरज मात्र 1978 मध्येच ओळखली गेली होती. मंजुरी मिळाली 1984 मध्ये, तीही राँग साइड फेल्युअरचे, म्हणजे धोक्याच्या बाजूने झालेल्या बिघाडाचे, तीन प्रकार घडल्यानंतर. ओडिशातल्या बहानगा बाजारला 2023 मध्ये झालेल्या रेल्वे अपघातातही सिग्नल परिपथात केलेल्या बदलातल्या चुकांवर बोट ठेवले गेले. तारा तशाच सोडाव्यात, असा अर्थ मी यातून काढत नाही. हात न लावण्याचा सल्ला फार तर पुढच्या बिघाडापर्यंत पुरतो; तेव्हा हात लावावाच लागतो, तोही घाईत.

इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आल्यावर हा प्रश्न मिटेल, हेही अर्धेच खरे. संगणकापासून रुळांचे सांधे हलवणाऱ्या पॉइंट मशीनपर्यंत केबल राहतेच. म्हणून तारा बदलाव्याच लागतील, फक्त क्लॅपहॅमची चूक टाळून. मेगाब्लॉकची वेळ ठरवताना तारा बदलण्याचे तास धरले जातात. मोजणी आणि चाचणीचे तास त्याच कागदावर वेगळे मांडावेत, आणि ते अपुरे पडले तर ब्लॉक वाढवण्याचा अधिकार चाचणी करणाऱ्याकडे असावा. सोमवारची पहिली लोकल उशिरा सुटली तरी हरकत नाही.