विकणारे घडविणारा

पेढीवर माल चांगला असावा, भाव वाजवी असावा आणि विकणारा हुशार असावा, हे आपणा सर्व व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. परंतु तो विकणारा हुशार कोणी करावयाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उमेदवार म्हणून आलेला मुलगा पाहून पाहून शिकेल, अशी आपली जुनी समजूत. काही मुले तशी शिकतातही. पण पुष्कळशी दहा-दहा वर्षे तागे उलगडतात, घड्या घालतात आणि तेवढेच शिकतात. दोष त्यांचा नव्हे. त्यांना कोणी हाताशी धरलेले नसते.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण मननीय आहे. डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे चालक जॉन पॅटरसन यांनी विक्रीच्या शिक्षणास पद्धतशीर रूप दिले. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, गल्ल्याचे यंत्र कसे दाखवावे, याची पुस्तिकाच त्यांच्या कंपनीत १८८७ साली तयार झाली. १८९६ साली याच कंपनीच्या बफेलो शाखेत टॉमस वॉटसन नावाचा बावीस वर्षांचा तरुण उमेदवार म्हणून लागला. आरंभी त्याला विक्री साधेना. शाखाप्रमुख जॉन रेंज यांनी त्याची कानउघाडणी केली. पण तेवढ्यावर न थांबता ते स्वतः त्याच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे गेले आणि विक्री कशी होते हे त्याला प्रत्यक्ष दाखविले. पुढे तो कंपनीच्या अग्रगण्य विक्रेत्यांत गणला गेला. १९१४ साली वॉटसन यांनी दुसऱ्याच एका कंपनीची सूत्रे हाती घेतली. १९२४ साली तिला आय.बी.एम. हे नाव मिळाले. १९५२ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनंतर, एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की आपण सर्वांत अधिक शिकलो ते रेंज यांच्यापासून. छापील पुस्तिका कंपनीत होतीच. पण माणूस घडला तो बरोबर चालणाऱ्यामुळे.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. जो उत्तम विकतो, तो उत्तम शिकवितोच असे नाही. समजा, गोव्याकडील एक कुटुंब लग्नाच्या खरेदीस बेळगावात आले आहे. मुलगा शहापुरी साड्या दाखवीत आहे, पण काठाची आणि पोताची माहिती सांगताना अडखळतो. कसलेला विक्रेता तत्काळ पुढे सरसावतो, मुलाला बाजूला सारतो आणि चार साड्या खपवितो. त्या दिवशी गल्ला वाढतो. मुलगा मात्र होता तेथेच राहतो. शिकविणारा मनुष्य अशा वेळी किंचित थांबतो. अगदीच गरज पडली तर एखादा शब्द पुरवितो आणि पुन्हा मागे होतो. एखादी विक्री हातची जाऊ देण्याचे धैर्य त्याच्यापाशी असते. मुलाचा पाणउतारा तो गिऱ्हाइकादेखत कधीही करीत नाही. संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, तो त्याला विचारतो, “त्या बाई का उठून गेल्या, तुला काय वाटते?” उत्तर मुलाने शोधावयाचे असते. आणि एका दिवशी एकच चूक सुधारावयाची, दहा नव्हेत.

त्याची परीक्षाही सूक्ष्म असते. कोणी बोलका असतो, त्याला ऐकावयास शिकवावे लागते. कोणी बुजरा असतो, पण गेल्या दिवाळीस कोणी काय नेले हे त्याच्या ध्यानात असते. त्याच्या हाती नेहमीची गिऱ्हाइके सोपवावी. आपल्या सीमाभागात तर मराठी, कानडी, कोंकणी अशा तिन्ही बोलींत दोन शब्द बोलता येणे हीच अर्धी विक्री होय.

असे कष्ट कोणी कशासाठी करावे? केवळ दलालीच्या आशेने कोणी करणार नाही. काल अडखळणारा मुलगा आज एकट्याने गिऱ्हाईक सांभाळताना पाहून ज्याला स्वतःच्या विक्रीहून अधिक आनंद होतो, तोच हे करू शकतो. पेढीवर अशी वृत्ती कोणात आहे हे मालकाने हेरावे, त्याला त्यासाठी वेळ द्यावा, आणि ज्या दिवशी त्याची स्वतःची विक्री कमी भरेल त्या दिवशी त्याला बोल लावू नये.

“शिकविले, तर उद्या समोरच दुकान थाटील,” ही भीती आपल्यापैकी अनेकांस वाटते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही जण खरोखरच जातात. परंतु हिशेब पुरता मांडावा. शिकलेला मनुष्य जाण्यापूर्वी पाच वर्षे मन लावून काम करतो. न शिकलेला वीस वर्षे राहतो आणि रोज दोन गिऱ्हाइके विन्मुख पाठवितो. ही दुसरी तूट कोणत्याही खतावणीत दिसत नाही, म्हणून ती आपणांस बोचत नाही, इतकेच. शिवाय, मानाने निरोप दिलेला गुमास्ता पुढे आपल्याकडूनच ठोक माल उचलतो, असेही घडते.

आज गिऱ्हाईक घरबसल्या मोबाईलवर माल मागविते. भाव आणि विविधता यांत लहान दुकानाने त्या व्यवहाराशी किती झुंजावे, याला मर्यादा आहे. आपल्यापाशी उरते ते समोर बसून बोलणारे, कापड हाती देणारे, गरज ओळखणारे माणूस. तेच कच्चे राहिले तर गिऱ्हाइकाने उन्हातून पेठेत का यावे?

यंदा पाडव्याला नवी वही घालताना नफातोट्याबरोबर आणखी एक गोष्ट प्रत्येक पेढीने तपासावी: सरत्या वर्षात आपल्याकडील किती जण एकट्याने दुकान सांभाळण्यास समर्थ झाले, आणि त्यांना कोणी शिकविले. त्या शिकविणाऱ्याचा सत्कार आपल्या संघाच्या वार्षिक सभेत व्हावा, अशी माझी सूचना आहे.